तीन नंबरचा झाडू

आमच्या केंद्रात दिवसाची सुरुवात झाडूने होते. झाडलोट करणारे वेगळे, ते सातला येऊन जातात. हा झाडू आठ वाजता निघतो आणि आजवर तो जमिनीला टेकलेला नाही. लांब दांडा, पुढे वाळक्या काड्यांचा जुडगा. तो छातीच्या उंचीवर आडवा धरायचा, कोळिष्टकं काढावीत तसा वरखाली फिरवायचा आणि त्याच्यामागून एकेक पाऊल टाकायचं. चाचणी कक्षाची एक फेरी पुरी झाली की रजिस्टरवर सही करायची. बाकीचं विमानशास्त्र त्यानंतर.

नवीन पोरं हसतात. एवढी अवजड यंत्रं आणि त्यांच्यापुढे झाडू घेऊन चाललेला माणूस, हसू येणारच. मग मी समजावतो. विमानाच्या इंजिनात नेहमीच्या इंधनाऐवजी हायड्रोजन जाळता यावा, धूर नको, काजळी नको, मागे फक्त पाणी उरावं, यासाठी आमचा विभाग आहे. पण हायड्रोजनची ज्वाळा दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही. तिची धगही बाजूला फारशी लागत नाही. वीतभर अंतरावर उभे राहिलात तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा तुम्ही तिच्यात असता. गॅस हुंगणारे सेन्सर आहेत, पण ते छताला असतात आणि माणूस चालतो जमिनीवर. म्हणून झाडू. काड्या पेटल्या की थांबायचं.

मी या विभागाचा सुरक्षा अधिकारी. सव्वीस वर्षं झाली, निवृत्तीला दोन उरली. स्वभावाने तापट आणि तिरसट. पाठीमागे मला 'फटाका' म्हणतात तेही मला ठाऊक आहे. भुताखेतांच्या गोष्टींचं मला वावडं आहे. पुढचं सगळं त्या वावड्यासकट वाचावं.

तीन नंबरच्या कक्षात एक तंत्रज्ञ होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. कामाला मात्र वाघ. मला तो इतका पसंत पडला की माझ्या धाकट्या बहिणीसाठी मीच शब्द टाकला. लग्न झालं. तेव्हापासून तो मला घरी 'दादा' म्हणे आणि केंद्रात 'साहेब'. या दोहोंत त्याने कधी गल्लत केली नाही, एक दिवस सोडला तर.

त्या दिवशी वरून पाहुणे आले होते. नवा बर्नर चालवून दाखवायचा होता आणि आम्ही पाऊण तास मागे होतो. सकाळची फेरी झाली होती, पण मधेच एक वाल्व्ह अडकला. तो सोडवायला कोणीतरी आत जायला हवं, आणि आत जायचं तर नियमाने पुन्हा झाडू. पैलवान झाडू घेऊन दारात उभा होता. मोठे साहेब मला फोनवर झापत होते. मी फोनवर हात ठेवला आणि त्याला हळूच म्हणालो, "झाडू राहू दे. सेन्सर आहेत ना. लवकर ये, सगळे थांबलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही साहेबाला त्याने सरळ नाही म्हटलं असतं, नियमाचा तो पक्का होता. पण बायकोच्या थोरल्या भावाला नाही कसं म्हणायचं? "बरं, दादा," म्हणाला. झाडू भिंतीला टेकवला आणि आत गेला.

सातव्या पावलाला तो पेटला. पाइपाचा एक सांधा सुटून ज्वाळा आडवी निघत होती, बरोबर छातीला. मी जाड काचेतून बघत होतो. आधी आग दिसलीच नाही. दिसलं ते एवढंच, की चालता माणूस थबकला आणि त्याच्या शर्टाला छातीवर भोक पडून ते मोठं मोठं होत गेलं. मग कापड पेटलं. ती आग पिवळी होती, ती दिसली. आपण कुठून जळतोय हे त्याला कळेना, म्हणून तो मागे फिरायच्या ऐवजी पुढे गेला. हात पुढे करून चाचपडला, आणि चाचपडता चाचपडताच त्याची बोटं गेली. तोंड सताड उघडं होतं. काच जाड, आवाज आला नाही. मुख्य वाल्व्ह बंद व्हायला अकरा सेकंद लागले. मी आत धावलो तेव्हा तो अजून उभा होता आणि त्याच्या पायांखाली पाणी साचलं होतं.

चौकशी झाली. त्याला झाडू भिंतीला टेकवताना तिघांनी लांबून पाहिलं होतं. मी काय म्हणालो ते कोणी ऐकलं नव्हतं. मी लिहून दिलं: 'कर्मचाऱ्याने स्वतःहून झाडूफेरी टाळली.' त्या एका ओळीवर माझी खुर्ची शाबूत राहिली.

नव्या लोकांना सुरक्षेचे धडे मीच देतो. मोठ्या साहेबांच्या हुकमाने त्यातलं पहिलं चित्र बदललं. आता हॉलमधल्या पडद्यावर पैलवानाचा ओळखपत्रावरचा फोटो येतो, खाली अक्षरं: 'यांनी नियम मोडला.' त्याचं टोपणनाव कानावर आलेली पोरं त्या काटकुळ्या माणसाकडे बघून खुसखुसतात. धाकटीला त्याच्या जागेवर नोकरी मिळाली. लग्नाआधी ती दाबमापकांचंच काम करायची. पहिल्या दिवशी ती त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्याकडे न बघता मी अख्खा धडा घेतला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला, तोही तिच्यावरच.

ती माझ्याकडेच राहायला आली होती. मी सडाफटिंग, घरात जागा होती. त्या संध्याकाळी घरी येताना तिने एकदाच विचारलं, "दादा, ते असं कधी करायचे नाहीत. तुला नवल नाही वाटत?"

"माणूस चुकतो," मी म्हणालो.

तीन नंबर सात महिने बंद होता. पाइपांचा मार्ग बदलला, सांधे बदलले, भिंतींना रंग दिला. पुन्हा उघडला तेव्हा हायड्रोजनची टाकी जोडलेलीसुद्धा नव्हती. तरी नियम तो नियम. आमचा फिटर, मोठा बडबड्या आणि हसरा माणूस, झाडू घेऊन आत शिरला. जुना सांधा होता त्या जागी, जिथे आता मोकळी हवा होती, झाडू भडकला.

तो ओरडत बाहेर आला. "साहेब, रिकाम्या जागेत पेटला! काही म्हणजे काही नाही तिथे!"

"काही नाही तर पेटेल कशाला? बिडी फुंकत होतास?"

"आईशपथ नाही. ही भुवई बघा माझी."

बघायला डावी भुवई उरलीच नव्हती.

मी दुसरा झाडू घेऊन स्वतः गेलो. त्याच जागी काड्या आधी पिंगट झाल्या, मग पेटल्या. छताचे सेन्सर शून्य दाखवत होते. गॅस मोजायचं हातातलं यंत्रही शून्य. उष्णता टिपणारा कॅमेरा लावला. त्यात मी दिसलो, फिटर दिसला, जळता झाडू दिसला, ज्वाळा नाही. खाली फरशीवर तळपायाएवढी ओल होती. छत कोरडं होतं, पाइप कोरडे होते. मी ओलीभोवती खडूने रेघ मारली आणि रजिस्टरमध्ये 'कारण अज्ञात' असं लिहिलं. सव्वीस वर्षांत हे दोन शब्द मी लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी झाडू त्या जागी पेटला नाही. तो दाराच्या दिशेने एक पाऊल अलीकडे पेटला. खाली ताजी ओल. तिसऱ्या दिवशी आणखी एक पाऊल.

चौथ्या दिवशी झरोक्यातून एक कबूतर आत आलं. सरळ उडत आलं आणि हवेतच त्याचा पुढचा अर्धा भाग नाहीसा झाला. उरलेला अर्धा खाली पडून एका पंखावर गोल गोल फिरत राहिला. फिटरने त्याच्यावर बूट दाबला तेव्हा थांबला. मग त्याने बूट फरशीवर घासला, पुन्हा पुन्हा घासला.

"साहेब, हा कक्ष बंद करा."

"कारण काय लिहू?"

त्याने पुन्हा बूट घासला. कारण माझ्याकडे होतं, पण ते लिहिण्याजोगं नव्हतं.

पाचव्या दिवशी फेरी मारताना त्याच्या खिशातून पाना निसटला. सवयीने त्याने तो झेलायला हात पुढे टाकला. हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून कातडी लोंबत होती आणि बोटं एकमेकांना चिकटली होती. या वेळी दार उघडं होतं, मी किंकाळी ऐकली. मी त्याला कमरेला धरून ओढलं तर तो मला लाथा घालत होता, माझ्या खांद्याला चावला. वेदनेपुढे माणूस माणसात राहत नाही. रुग्णवाहिकेत घालताना त्याने माझी कॉलर धरली, धड असलेल्या हाताने.

"तो माझ्यावर आला नाही, साहेब. मी मधे आलो. तो दाराकडे निघालाय. दारात तुम्ही होता."

मी त्याला गप्प केलं. कशाला खोटं बोलू, शिवी देऊन गप्प केलं.

दुपारी एकट्याने खडूच्या खुणा पाहिल्या. पाचही एका सरळ रेषेत होत्या. दार आणखी तीन पावलांवर. रेषा पुढे वाढवली तर कॉरिडॉर, आणि कॉरिडॉरच्या टोकाला माझी खोली.

सहाव्या दिवशी फिटरच्या जागी फेरीला धाकटी आली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "नियम आहे ना, साहेब." नवऱ्यासारखीच तीही केंद्रात मला साहेबच म्हणायची.

मी काचेमागे उभा राहिलो. पुरवठा बंद करायच्या बटणावर नुसताच अंगठा ठेवून होतो, जणू बंद करायला काही होतं. ती झाडू धरून पूर्ण कक्ष फिरली. परत येताना सहाव्या जागी पोचली. फरशीवर ओल चकाकत होती. काड्या पेटल्या नाहीत. ती थांबली, झाडू खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. तळवे सुलटे, मग उलटे, मग पुन्हा सुलटे, शेकोटीपुढे धरतात तसे. कक्षात तेव्हा अंगाला घाम फुटेल एवढा उकाडा होता. तिचे ओठ हलले. मग मान कलती करून तिने ऐकलं आणि हसली. सात महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने रजिस्टरमध्ये लिहिलं: 'सर्व ठीक.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला मी कोणालाच आत सोडलं नाही. बाराला सगळे जेवायला गेले तेव्हा मी तीन झाडू काखेत मारून एकटाच तीन नंबरमध्ये शिरलो. मी चिडून गेलो, भिऊन नव्हे. निदान स्वतःला तसं सांगितलं.

दाराशी झाडू फिरवला. काही नाही. एक पाऊल, दोन पावलं, चार. काही नाही. सात पावलं चालून जुन्या सांध्याच्या जागी पोचलो. काड्या जशाच्या तशा. मला हसू फुटलं. मी वळलो.

झाडू पेटला.

तो आता माझ्या आणि दाराच्या मधे होता.

मी जळता झाडू फेकला, दुसरा घेतला, डावीकडून निघालो. तोही पेटला. उजवीकडून गेलो तर दांड्याचं टोकच उडालं. मी मागे सरलो. हातातल्या काड्या, मी मागे सरत असूनही, जळत राहिल्या.

म्हणजे तो पुढे येत होता.

मी दांड्याने मारलं. वेड्यासारखं, ओरडत, हवेला मारलं. दांडा मधोमध कापला गेला. बाही पेटली. ती विझवायला मान वळवली तर डाव्या कानाशी चर्रर्र झालं, आणि आधी वास आला, मग दुखलं.

"मी काय केलं तुझं?" मी ओरडलो. तेव्हासुद्धा हेच ओरडलो.

पाठ भिंतीला लागली. तिसरा झाडू पुढे धरला. काड्या एकेक करून पिंगट होऊ लागल्या.

दारात धाकटी उभी होती.

ती सरळ चालत आली. मधल्या जागेतून, सरळ. तिच्या पदराचा धागाही हलला नाही. माझ्यासमोर येऊन तिने माझ्या हातातून झाडू काढून घेतला, लहान पोराच्या हातातली काठी काढून घ्यावी तसा.

"तुला झाडू कशाला, दादा? झाडू राहू दे. सेन्सर आहेत ना."

केंद्रात तिने मला दादा म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आणि ते शब्द मी फोनवर हात ठेवून एकाच माणसाला बोललो होतो.

"तुला कोणी सांगितलं?"

तिने माझ्या कानाला रुमाल लावला, दंड धरला आणि मला बाहेर आणलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो फोटो पडद्यावरून काढ. तू लिहिलंस, तूच खोड. रविवारपर्यंत."

मी हो म्हणालो. तिच्यासमोर म्हणालो, मनापासून म्हणालो. आणि मग ड्रेसिंग होऊन घरी आलो तेव्हा मनात आलं: दोनच वर्षं तर उरलीयत. कालपर्यंत मी एक ओळ लिहिली नव्हती.

काल तिने घरातले सगळे झाडू बाहेर टाकले. अंगणातला, स्वयंपाकघरातला, कोळिष्टकांचा, सगळे. "आता मशीन आणलंय," म्हणाली. सुपली ठेवली, कुंचा टाकला. आज रविवार. सकाळपासून ती घरभर फरशी पुसतेय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशी ओली आहे, त्यामुळे कुठली ओल कशाची हे मला सांगता येत नाही.

म्हणून आज बसून हे लिहून काढलं. धाकटीसाठी नाही, तिला ठाऊकच आहे. मोठ्या साहेबांसाठी, आणि त्या हॉलमध्ये खुसखुसणाऱ्या पोरांसाठी. त्याने नियम मोडला नाही. त्याने माझं ऐकलं. तो झाडू घेऊन उभा होता आणि मी त्याला तो ठेवायला लावला. पैलवान गेला तो माझ्यामुळे, आणि त्यानंतर मी त्याला रोज त्या पडद्यावर उभा केला. मला फार वाईट वाटतं. हे सात महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं.

खाली सही केली आहे, तारीख घातली आहे.

दुपारचे साडेबारा वाजलेत, खिडकीतून लख्ख ऊन आत आलंय. टेबलापासून दारापर्यंतची जागा मोकळी दिसतेय. मी मोजली, सात पावलं. ही पानं मला पलीकडे तिच्या हातात द्यायची आहेत. पुढे धरायला वाळकं असं घरात आता दुसरं काही नाही, ही पानंच आहेत. ती पेटली तर कुठे थांबायचं ते मला कळेल. पण मग सांगायला काही उरणार नाही, आणि तो फोटो तसाच राहील.

स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला. तिने हाक मारली.

"दादा, लवकर ये. सगळे थांबलेत."

घरात आम्ही दोघंच राहतो.

मी अजून खुर्चीवरून उठलेलो नाही. आणि या पानाचा वरचा कोपरा पिंगट होतोय.